जुलैमधलं गाव आणि जानेवारीतलं गाव

पत्राचा गोषवारा: नाशिकच्या एका वाचक भगिनी लिहितात, की त्या ५७ वर्षांच्या आहेत, बँकेतून नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे आणि फ्रेंच बी-१ पातळीपर्यंत शिकल्या आहेत. पती ६३ वर्षांचे, निवृत्त अभियंते. त्यांना सौम्य मधुमेह आहे, फ्रेंच अजिबात येत नाही. गेल्या जुलैत दोघं मध्य फ्रान्समधल्या क्रझ भागात, ओब्यूसाँजवळ, ओळखीच्या एका फ्रेंच कुटुंबाकडे दहा दिवस राहिले. त्या कुटुंबाचं जवळच्याच वाडीवर एक जुनं दगडी घर आहे. ते वर्षभरासाठी महिना ३५० युरोत देऊ करतात. सर्वांत जवळची दुकानं पाच किलोमीटरवर आहेत. ऑक्टोबरमध्ये जायचं बाईंच्या मनात आहे. पती म्हणतात, "तू बोलशील, मी तिथे करू काय?" बाई विचारतात: यांना कसं पटवू? आणि एवढ्याशा गावात दोन भारतीयांना लोक सामावून घेतील का?

*

तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत, आणि पहिल्यालाच मी थोडी हरकत घेणार आहे. "यांना कसं पटवू" या विचारण्यात गृहीत असं आहे, की बेत ठीक आहे आणि तुमच्या यजमानांचा, म्हणजे पतींचा, होकार तेवढा राहिला आहे. पण त्यांनी विचारलेला "मी तिथे करू काय" हा नकार नाही. तो नेमका प्रश्न आहे, आणि या बेतातली सर्वांत कच्ची जागा त्यांनी बरोबर हेरली आहे.

त्या घरात तुमचा साधा मंगळवार कसा जाईल, ते पाहू. दूध संपलंय. दुकान पाच किलोमीटरवर, बस जवळपास नाहीच, गाडी तुमच्याकडे नाही. डॉक्टरची वेळ घ्यायची तर फोन तुम्हीच करायचा. औषधाच्या दुकानात बोलायचं तुम्ही, शेजारी आला तर त्याचं म्हणणं यजमानांना सांगायचं तुम्ही, आणि मग यजमानांचं त्याला सांगायचंही तुम्हीच. पहिले पंधरा दिवस यात गंमत वाटते. दुसऱ्या महिन्यात तुम्ही थकता. ज्या माणसानं आयुष्यभर आपली कामं आपण केली, तो प्रत्येक वाक्याला तुमच्या तोंडाकडे बघायला लागतो आणि हळूहळू बाहेर पडणंच सोडतो. अशी दीर्घ मुक्कामं मोडतात ती बहुधा व्हिसापायी किंवा पैशापायी नाही, याच कारणानं.

म्हणून घर निवडायची माझी कसोटी एकच आहे: यजमान रोज सकाळी एकटे चालत जाऊन पाव आणू शकतील का? देखणी दगडी भिंत, खिडकीतली टेकडी, भाडं, हे सगळं त्यानंतर. पावाचं दुकान दहा मिनिटांच्या चालीवर असेल तर त्यांना रोजचं एक काम मिळतं, चार ओळखीचे चेहरे मिळतात, मधुमेहाला हवी ती चाल होते आणि तुम्हाला सकाळचा अर्धा तास स्वतःचा मिळतो. वाडीवरच्या घरात यातलं काहीच होत नाही.

आता त्या घराचं बघू. जुलैत रात्री साडेनऊलाही उजेड असतो. डिसेंबरच्या शेवटी त्याच ठिकाणी सूर्य सकाळी साडेआठनंतर उगवतो आणि संध्याकाळी पाच-सव्वापाचला मावळतो. ओब्यूसाँच्या दक्षिणेला मिलव्हाशचं पठार आहे, उंची सहाशे ते हजार मीटर. पाऊस, धुकं आणि पहाटेचं दहिवर तिथे नेहमीचं. घरं ग्रॅनाइटची, भिंती साठ-सत्तर सेंटीमीटर जाड. उन्हाळ्यात याच भिंती गारवा देतात. ऑक्टोबरात बंद घर उघडलंत तर त्याच भिंती तापायला दोन-तीन दिवस घेतात आणि तोवर चुलीची सगळी ऊब पिऊन टाकतात. दिवसा बंद, संध्याकाळी जोरात चालू असं हीटिंग केलं तर हवा गरम आणि भिंत गार राहते. मग गार भिंतीवर बाष्प धरतं आणि कपाटामागे काळी बुरशी येते. अशा घरात ऊब मंद पण सतत ठेवायची, आणि रोज सकाळी दहा मिनिटं सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या. थंडी आत येते म्हणून हवेची जाळी बंद करायची नाही, चूल पेटती असेल तर मुळीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पंचवीस-तीस युरोचा त्याचा अलार्म पहिल्याच आठवड्यात लावा.

लाकडाचा हिशेब तर कागदावर मांडूनच बघावा असा आहे. तिथे सरपण 'स्तेर'मध्ये मोजतात. एक मीटर लांबीचे ओंडके रचून एक घनमीटर भरला की एक स्तेर. तेच ओंडके ३३ सेंटीमीटरचे कापले की तुकडे घट्ट बसतात आणि ढीग साधारण ०.७ घनमीटरच दिसतो. म्हणून "कमी दिलं" असं वाटून विक्रेत्याशी वाद घालू नका, आधी लांबी विचारा. घराची मुख्य ऊब चुलीचीच असेल तर हिवाळ्यात आठ-दहा स्तेर सहज जातात. सुकं ओकचं लाकूड स्तेराला पाचशे किलोच्या आसपास भरतं. म्हणजे चार-पाच टन लाकूड ट्रॉली रस्त्याकडेला ओतून जाणार, आणि ते छपराखाली रचायचं, तिथून घरात आणायचं काम तुम्हा दोघांचं. लाकडाची ओल २० टक्क्यांच्या खाली हवी. ओकला त्यासाठी दोन वर्षं सुकावं लागतं. ऑक्टोबरात मागणी नोंदवणाऱ्याला बहुतेक उरलेलं ओलं लाकूडच मिळतं. ते धुमसतं, चुलीची काच काळी करतं आणि धुराड्यात डांबर साचवतं. धुराड्याला आग लागते ती याच डांबरामुळे. धुराडं वर्षातून किमान एकदा साफ करून घेणं बंधनकारक आहे, आणि आग लागलीच तर विमा कंपनी त्या सफाईचा दाखला मागते. चुलीतली राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत भरून घराबाहेर ठेवायची, कारण आतला निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो.

घरमालक मंडळी चांगली आहेत, यात शंका नाही. तरी त्यांना पाच गोष्टी विचारा आणि उत्तरं लेखी घ्या. घराचा ऊर्जादाखला कोणत्या अक्षराचा आहे? ए ते जी अशी श्रेणी असते, 'जी' सर्वांत वाईट, आणि १ जानेवारी २०२५पासून 'जी' श्रेणीचं घर मुख्य निवास म्हणून नव्यानं भाड्यानं देता येत नाही. गेल्या हिवाळ्यात तिथे कोणी राहिलं होतं का, आणि विजेचं बिल किती आलं? धुराड्याचा दाखला कोणत्या तारखेचा? मैलापाणी गटारात जातं की टाकीत? घरात मोबाइलला रेंज कुठे मिळते? "हिवाळ्यात तसं कोणी राहिलेलं नाही" असं उत्तर आलं, तर ३५० युरो भाडं का, ते आपसूक कळतं. भाड्यावर दोन-अडीचशे युरोची ऊब दरमहा चढेल, आणि गाडी घ्यावीच लागली तर तिचा खर्च वेगळा.

मग करायचं काय? माझ्या मते तुमच्यापुढे तीन वाटा आहेत, आणि तिन्ही सारख्या चांगल्या नाहीत.

पहिली, ठरल्याप्रमाणे ऑक्टोबरात वाडीवर जाणं. ही मी सुचवणार नाही. दुसरी, तोच भाग पण मुक्काम 'बूर'मध्ये, म्हणजे आजूबाजूच्या वाड्या ज्याच्यावर अवलंबून असतात त्या बाजाराच्या गावी. ओब्यूसाँची वस्ती तीन हजारांच्या आसपास आहे, शेजारचं फेलताँ त्याहून लहान. दोन्ही गालिचांसारख्या विणलेल्या भिंतीवरच्या पटांसाठी नावाजलेली. ओब्यूसाँची ही विणकला २००९ साली युनेस्कोच्या यादीत गेली. घर निवडताना नकाशावर पावाचं दुकान, औषधाचं दुकान, दवाखाना आणि किराणा या चार खुणा करा आणि त्यांच्या मध्यापासून पाऊण किलोमीटरच्या आत शोधा. चढही बघा. ही डोंगरी गावं आहेत, सपाट नकाशावर जवळ दिसणारं घर परतताना दम काढतं. तिसरी वाट म्हणजे आधी चाचणी: फेब्रुवारी-मार्चमध्ये साध्या शेंगेन व्हिसावर सहा आठवडे जायचं. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांची मुभा असते, तेवढं त्यात बसतं. सुटीत भाड्यानं दिली जाणारी घरं तेव्हा ओस असतात आणि मालक महिन्याचा दर कमी करतात. मात्र "हीटिंग वेगळं" ही ओळ करारात शोधा, आणि पहिल्या दिवशी विजेच्या मीटरचा फोटो काढून मालकाला पाठवा.

मी तिसरीनं सुरुवात करून दुसरीवर जाईन. फेब्रुवारीत जे गाव तुम्हा दोघांना सोसलं, ते वर्षभर सोसेल. शिवाय खऱ्या मुक्कामाला ऑक्टोबरऐवजी सप्टेंबरच्या सुरुवातीला पोहोचता येईल. तेव्हा हवा उबदार असते, लाकूड मागवायला थोडा वेळ असतो, आणि गावोगावी संस्थांचे मेळावे भरतात. चालण्याचे गट, गायन, शिवणकाम, पेताँक (धातूचे गोळे फेकायचा खेळ) या सगळ्यांची वर्षाची नावनोंदणी तिथे होते. ऑक्टोबरात पोहोचलेला माणूस नेमका हाच मेळावा चुकवतो. वाडीवरचं घर हातचं जाऊ नये असं वाटत असेल, तर पुढच्या मे ते सप्टेंबरसाठी ते मागून बघा.

व्हिसाचं थोडक्यात सांगते. वर्षभरासाठी 'व्हीएलएस-टीएस' हा दीर्घ मुक्कामाचा व्हिसा, पाहुणा या वर्गातला. अर्ज निघण्याआधी जास्तीत जास्त तीन महिने करता येतो. दोघांचे अर्ज, दोघांचे विमे वेगवेगळे. फ्रान्समध्ये कोणतंही काम करणार नाही असं लेखी द्यावं लागतं, तेव्हा "ऑनलाइन थोड्या शिकवण्या घेईन" असा विचार असेल तर तो आत्ताच सोडा. उत्पन्नाचा पुरावा साधारण तिथल्या किमान वेतनाच्या मापानं बघितला जातो. पेन्शनचे कागद, मुदतठेवी आणि सहा महिन्यांची बँक विवरणं नीट लावून द्या. फ्रान्सला पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत हा व्हिसा ऑनलाइन वैध करून शुल्क भरावं लागतं. लोक चुकतात ते इथे. शिक्का पासपोर्टवर आहे म्हणजे झालं, असं वाटतं, आणि चौथ्या महिन्यात मुक्काम बेकायदा होतो. वर्षाची खात्री नसेल तर 'व्हीएलएस-टी' हा तात्पुरता प्रकार आहे. त्यात वैध करण्याची पायरी नाही, मात्र तो तिथे वाढवूनही मिळत नाही. सहा महिन्यांसाठी तो सुटसुटीत.

करांकडे मात्र काणाडोळा नको. तुम्ही बँकेत होतात, तुम्हाला हे पटकन कळेल: फ्रान्सचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. तुमचं राहतं घर किंवा मुख्य मुक्काम तिथे ठरला, तर भारतातलं पेन्शन, व्याज आणि घरभाडं तिथल्या विवरणपत्रात दाखवावं लागतं. दोन्ही देशांत १९९२चा करार असल्यानं एकाच उत्पन्नावर दोनदा कर बसू नये अशी सोय आहे, पण दाखवणं टळत नाही. भारतातली बँक खातीही तिथे जाहीर करावी लागतात. न केल्यास खात्यामागे १,५०० युरो दंड. निघण्याआधी दोन्ही देशांचं जाणणाऱ्या सीएकडे एक तास बसा.

यजमानांच्या औषधांवर भारतातली ब्रँडची नावं असतील तर तिथला औषधविक्रेता ती ओळखणार नाही. डॉक्टरांकडून मूळ औषधाचं नाव, मात्रा आणि दिवसातून किती वेळा, असं टंकलिखित प्रिस्क्रिप्शन घ्या आणि त्याचं फ्रेंच भाषांतर तुम्हीच करून शेजारी जोडा. गेल्या तीन महिन्यांची एचबीएवनसी (रक्तातली सरासरी साखर) आणि किडनीच्या तपासण्याही सोबत हव्यात. क्रझसारख्या भागात डॉक्टर कमी आहेत आणि बरेचसे नवे रुग्ण घेत नाहीत. चाचणीच्या सहा आठवड्यांत सगळ्यांत आधी हेच विचारून घ्या: नवे रुग्ण कोण घेतं? साध्या डॉक्टरची फी ३० युरो आहे. ती जागीच द्या आणि मिळालेला तपकिरी कागद विम्यासाठी जपून ठेवा. तातडीच्या वैद्यकीय मदतीला १५, युरोपभर चालणारा ११२, आणि रात्री उघडं असलेलं औषधाचं दुकान विचारायला ३२३७. हे तीन आकडे फ्रीजवर लावा. आणि एक वाक्य यजमानांकडून घोकून घ्या, कारण चक्कर तुम्हालाही येऊ शकते: "मा फाम ए मालाद", माझी बायको आजारी आहे, आणि पाठोपाठ घराचा पत्ता.

गाडीबद्दल. भारतीय परवाना दीर्घ मुक्कामाच्या पहिल्या वर्षात चालतो. सोबत त्याचं मान्यताप्राप्त भाषांतर किंवा आपल्या आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना ठेवा. पण रस्त्याच्या उजव्या बाजूनं, उजव्या हातानं गिअर टाकत चालवणं हे आठवड्याभरात अंगवळणी पडतं. खरा धोका आहे तो 'उजवीकडून येणाऱ्याला प्राधान्य' या नियमाचा. गावात शिरल्यावर पाटी नसेल तर उजवीकडच्या बारक्या गल्लीतून आलेल्या मोटारीला तुम्हीच वाट द्यायची असते, तुम्ही मुख्य रस्त्यावर असलात तरी. आपल्या सवयीच्या नेमकं उलट. बूरमध्ये राहिलात तर गाडी रोज लागणारच नाही. जिल्ह्याच्या गावी जायला मागणीनुसार येणाऱ्या बस असतात, त्या आदल्या दिवशी फोन करून सांगाव्या लागतात.

स्वयंपाकघराबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण नोव्हेंबरात घराची आठवण पहिल्यांदा ताटावरच येते. युरोपीय संघात बाहेरून दूध-दुभतं आणि मांस आणायला मनाई आहे. तेव्हा तूप आणि पेढे बॅगेत नकोत. ताजी फळं-भाज्याही वनस्पती-आरोग्याच्या दाखल्याशिवाय चालत नाहीत, आणि यात कढीपत्ता येतो. गंमत म्हणजे नारळ, केळं, अननस आणि खजूर यांना मोकळीक आहे. हळद, तिखट, गोडा मसाला, हिंग आणि सुकं खोबरं मात्र खुशाल न्या. बाकीचं तिथलंच: लाल मसुराची डाळ 'लांतीय कोराय' नावानं, काबुली चणे 'प्वा शिश', बेसन जैविक मालाच्या दुकानात, आणि उपम्याला बारीक 'समूल'. साध्या बिनमिठाच्या लोण्याच्या पाव किलोच्या वड्या मंद आचेवर कढवल्या की उत्तम तूप होतं.

पोळीसाठी पिठाच्या पुड्यावरचा 'टी' आकडा वाचायला शिका. आकडा जितका मोठा, तितका कोंडा जास्त. टी-५५ म्हणजे जवळपास आपला मैदा, टी-१५० म्हणजे कोंड्यासकट. टी-८० किंवा टी-११० पोळीला जमतं. ते मिळालं नाही तर दोन भाग टी-६५ आणि एक भाग चाळलेलं टी-१५०. तिथला पावाचा गहू आपल्या शरबतीपेक्षा मऊ, पाणी कमी धरतो. सवयीच्या अंदाजानं पाणी ओतलंत की कणीक हाताला चिकटत राहते. पाव किलो पिठाला १४० मिलिलिटर कोमट पाण्यानं सुरुवात करा, पुढे चमच्यानं घाला, तेलाचा हात लावून मळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. कडा फाटत असतील तर कोंडा भरड आहे, आणखी चाळा. शेगडी बहुतेक इंडक्शनची असते. ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर चालत नाही, स्टीलचा इंडक्शन बुडाचा न्या. तवा लोखंडी पण सपाट हवा, खोलगट तव्याचं मधलंच तेवढं तापतं. मिक्सरला वीज तीच, २३० व्होल्ट. प्लग मात्र बदलावा लागतो, तो अर्थिंगसकट १६ अँपिअरचा घ्या.

शेगडी, ओव्हन, किटली आणि हीटर एकदम लावलेत तर सहा किलोव्होल्ट-अँपिअरच्या जोडणीवर घर अंधारात जाईल. फ्यूज बघत बसू नका. फिकट हिरव्या लिंकी मीटरवर अधिक चिन्हाचं बटण आहे. दोन उपकरणं बंद करून ते दाबून धरा. मैलापाणी टाकीत जात असेल तर फोडणीचं उरलेलं तेल सिंकमध्ये कधीही ओतू नका. ते थंड पाइपात गोठतं. बाटलीत साठवून गावच्या कचरा-केंद्रावर द्या. काच वेगळ्या मोठ्या पिंपात टाकायची, तीही रात्री उशिरा नाही, आवाज होतो म्हणून.

आता तुमचा दुसरा प्रश्न, लोक सामावून घेतील का. यामागेही एक गृहीतक आहे, की गाव भरलेलं आहे आणि तुम्ही बाहेरचे. क्रझची गोष्ट उलटी आहे. १८५१च्या सुमारास तिथे पावणेतीन लाखांहून जास्त लोक होते, आज सव्वा लाखाच्याही आत. क्षेत्रफळ मात्र नाशिक जिल्ह्याच्या साधारण एकतृतीयांश. दर वसंतात तिथले गवंडी चालत पॅरिसला जायचे आणि हिवाळ्यात परतायचे. त्यांच्यातलेच मार्टिन नादो पुढे संसदेत गेले. दीडशे वर्षं माणसं जाताना बघितलेल्या या गावांना येणारं माणूस नकोसं नसतं. ब्रिटिश आणि डच कुटुंबं तिथे आधीच आहेत. लोक बघतात ते एवढंच, की तुम्ही हिवाळ्यातही दिसता का.

तरी सुरुवातीला तुम्हाला थंडपणा जाणवेल, आणि त्यातला बराचसा एका शब्दापाशी येऊन थांबतो. दुकानात पाऊल टाकताना, डॉक्टरच्या प्रतीक्षा-खोलीत, बसमध्ये चढताना "बोंझूर" आधी म्हणायचं, आणि मग काय हवं ते. आपल्याकडे दुकानदाराला थेट "अर्धा किलो द्या" म्हणणं उद्धटपणाचं नाही. तिथे आहे. नुसतं हसूनही ते भरून येत नाही. यजमानांना हा एक शब्द पुरतो, आणि निघताना "बॉन जूर्ने".

पहिल्या आठवड्यात 'मेरी'त, म्हणजे ग्रामपंचायतीत, जाऊन या. लहान गावात ती आठवड्याला दोन-तीन अर्धे दिवसच उघडी असते, दारावरची वेळ आधी बघा. तिथल्या सचिवबाईंना कचऱ्याचे वार, कचरा-केंद्राचं कार्ड, वाचनालय आणि मागणीनुसारच्या बसचा क्रमांक विचारा. त्यांना तुमचा चेहरा माहीत झाला की निम्मी कामं सोपी होतात. टपालपेटीवर दोघांची पूर्ण नावं, पासपोर्टावर आहेत तशीच, लावा. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवतो, आणि त्यात नेमकं विम्याचं किंवा सरकारी पत्र असतं.

शेजाऱ्यांकडे सकाळी अकराला किंवा दुपारी चारनंतर जा. बारा ते दोन आणि संध्याकाळी सातनंतर जेवणाची वेळ, तेव्हा दार ठोठावायचं नाही. "नू सॉम ले नूव्हो व्वाझँ", आम्ही नवे शेजारी, इतकं पुरे. आत बोलावलं नाही तर मनाला लावून घेऊ नका, दारातली ओळखही ओळखच असते. महिन्याभरानं त्यांना 'आपेरो'ला बोलवा, जेवायला नाही. संध्याकाळी साडेसहाला पेय आणि चार खायच्या गोष्टी. कांदाभजी आणि चकली यांना तोड नाही, तिखट मात्र नेहमीच्या चौथाईवर आणा. पाहुणे आठ-साडेआठला उठतील, आग्रह करून थांबवू नका. आणि न सांगता डबा घेऊन कुणाकडे जाणं ही आपली माया तिथे समोरच्याला अवघडून टाकते. आधी विचारा.

११ नोव्हेंबरला गावातल्या हुतात्मा-स्तंभापाशी जा. पहिल्या महायुद्धात गेलेल्यांची नावं वाचली जातात, फुलं वाहिली जातात आणि मग सगळ्यांना मेरीत एक-एक पेला दिला जातो. बोलावणं लागत नाही. जानेवारीत महापौर गावाला शुभेच्छा देतात, तिथेही जा. सप्टेंबर ते फेब्रुवारी शिकारीचा हंगाम असतो. रानात फिरताना भडक नारिंगी जाकीट घाला, आणि शिकार सुरू असल्याची पाटी दिसली की मागे फिरा.

यजमानांकडे परत येते. त्यांना पटवू नका, त्यांच्यासोबत बसून एक कागद करा. नाशिकमध्ये त्यांचा दिवस कशाकशानं भरतो ते त्यांनीच लिहू दे: फिरायला सोबत कोण, पेपर कधी, दुरुस्तीची कोणती कामं, फोन कुणाला. मग एकेका ओळीपुढे क्रझमध्ये त्याच्या जागी काय असेल ते लिहा. अभियंता माणसाला पेताँकचं अंतर मोजणं, सायकली किंवा जुनी यंत्रं दुरुस्त करणारा गावचा गट, परसातले वाफे यातलं काही ना काही रुचेल, आणि यातल्या कशालाच फार बोलावं लागत नाही. ज्या ओळींपुढे काहीच सुचणार नाही, त्या ओळी तुमचा खरा निर्णय करतील. त्या तीन-चारच असतील तर वर्ष जमेल. अर्धा कागद रिकामा राहिला तर सहा महिन्यांचा व्हिसा घ्या. त्यातूनही वाट निघत नसेल, तर तुम्ही एकट्या दोन महिने जा आणि शेवटचे तीन आठवडे त्यांना बोलवा. एकटीनं जाणं म्हणजे संसारात काही बिघडलं असं नव्हे. फ्रेंच तुम्ही शिकलात, ती ओढ तुमची आहे.

फेब्रुवारीतल्या पहिल्या सकाळी मात्र त्यांना एकट्यांना पाठवा. आदल्या रात्री दुकानाचा बंदचा वार बघून ठेवा, बहुधा सोमवार असतो. जायचं दहाच्या आत, दुपारपर्यंत चांगला पाव संपतो. खिशात दोन युरोचं नाणं, आणि कागदावर देवनागरीत तीनच ओळी: बोंझूर मादाम. युन त्रादिस्यों, सिल व्हू प्ले. मेर्सी, बॉन जूर्ने. 'त्रादिस्यों' म्हणजे १९९३च्या सरकारी आदेशानं ठरवून दिलेला, मुख्यतः पीठ-पाणी-मीठ-यीस्ट यांवर केलेला पाव. साध्या बगेतपेक्षा, म्हणजे नेहमीच्या लांबट फ्रेंच पावापेक्षा, जरासा महाग, चवीला खूप चांगला. तुम्ही तोवर घरी चहा टाका.